गल्लीच्या किल्ल्या

आमच्या गल्लीत एकोणीस खोल्या आहेत आणि त्यांतल्या चौदांच्या किल्ल्या माझ्या भिंतीवर असतात. यात माझा मोठेपणा काही नाही. दिवसभर घरी असणारी मी एकटीच. बाकीचे कोणी पहाटे कामावर जातात, कोणी दुपारी, कोणी रात्रपाळी करून सकाळी परततात. मी खिडकीशी बसून शर्टांना काज-बटण करते. त्यामुळे कोणाचं पार्सल आलं, सिलिंडर आला, मीटर बघणारा आला की मी किल्ली काढते, दार उघडते आणि समोर जो असेल त्याला सांगते, "हो, हो, इथलीच मी." सही करते, अंगठा देते, सामान आत घेते, कुलूप लावते. सव्वीस वर्षं हेच चाललंय. कोणत्या दारात हे वाक्य खरं आहे, हे माझी जीभ आता बघतसुद्धा नाही. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

माझी स्वतःची किल्ली मात्र मी कधी कोणाला दिली नाही. ती दोऱ्यात ओवून गळ्यात असते. दोन मिनिटं बाहेर पडले तरी कुलूप लावते. नवरा होता तेव्हा घरात चार माणसं यायची. तो गेल्यावर सगळं बोलणं उंबऱ्यावरच. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येतो, तोही पाहुण्यासारखा. गल्लीत मला खडूस मावशी म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. लोक किल्ल्या खडूस बाईकडेच ठेवतात, गोड बाईकडे नाही.

माझ्या दारासमोर, चार पावलांवर, केअरटेकर राहते. चार वर्षांपूर्वी आली. रस्त्यापलीकडे पूर्वी दोरखंडाचा कारखाना होता, तिथे आता टॉवर उभे आहेत. त्यातल्या एका टॉवरमध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याचं ती सगळं करते. नवरा नाही. गेला की सोडून गेला, मी विचारलं नाही. मुलगी सात वर्षांची, गावी आजीकडे. "इथला पत्ता पक्का झाला की तिला आणणार मावशी, शाळेत घालणार," हे तिने आल्या आठवड्यात सांगितलं आणि नंतर दर महिन्याला सांगत राहिली. मी नुसतं हं म्हणायची. खरं सांगायचं तर नव्याने येणाऱ्यांचा मला रागच येतो. मीसुद्धा एक पत्र्याची ट्रंक घेऊन आलेच होते की या शहरात, पण आपलं ते येणं आणि दुसऱ्याची ती घुसखोरी.

आमच्या डोक्यावरून नवा उड्डाणपूल जाणार, हे दोन वर्षं ऐकत होतो. मंगळवारी दुपारी भिंतीवर कागद लागला. बुधवारी सकाळी दहापासून सर्व्हे. ज्या खोलीचं दार उघडं आणि राहणारा माणूस आत हजर, त्याला शहराच्या कडेच्या नव्या इमारतींत एक खोली. दार बंद असलं तर काही नाही. कागद वाचला आणि गल्लीत एकच पळापळ झाली. ज्याने त्याने रजा टाकली. चौदा किल्ल्यांपैकी तेरा त्या संध्याकाळी आपापल्या घरी गेल्या. भिंतीवर एकच उरली, समोरची.

ती संध्याकाळी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. "मावशी, टॉवरमधल्या बाबांचा मुलगा बाहेरगावी गेलाय. सून उद्या एक वाजता येणार, तोवर मला हलता येत नाही. पण ते लोक गल्लीच्या तोंडापासून सुरू करणार ना? आपण शेवटच्या. आपला नंबर येईस्तोवर तीन वाजतील. तुम्ही फक्त दार उघडून ठेवा, मी येतेच."

"आणि नाही आलीस तर?"

"येणार म्हणजे येणार. मावशी, ही खोली गेली तर मुलीला कुठे आणू?"

मी हं म्हटलं. आणखी काय म्हणणार?

बुधवारी गल्लीच्या तोंडाशी पाइपासाठी रस्ता खणून ठेवला होता, म्हणून सर्व्हेवाला मागच्या बाजूने आला. म्हणजे शेवटच्या त्या पहिल्या. सव्वादहालाच त्याचा आवाज ऐकून माझ्या हातातली सुई खाली पडली. चाळिशीचा माणूस, चष्मा कपाळावर, गळ्यात मशीन. मी धावत बाहेर आले, सवयीने माझ्या दाराला कुलूप घातलं, समोरचं दार उघडलं आणि आत जाऊन उभी राहिले. डोक्यात एवढंच होतं की दार बंद दिसायला नको.

"राहता इथे?" त्याने मशीनवरून मान वर न करता विचारलं.

"हो, हो, इथलीच मी."

निघालंच तोंडातून. तो म्हणाला, इकडे बघा. मी बघितलं. तो म्हणाला, अंगठा. मी अंगठा दिला, पार्सलवाल्याला देते तसा.

"झालं," तो म्हणाला.

"झालं कसं? अजून ती..."

"बाई, आज फक्त दार आणि चेहरा. कागदपत्रं नंतर. आणि एक नीट ऐकून ठेवा, सगळ्यांना सांगतोय. एका चेहऱ्याला एकच खोली. तोच चेहरा दुसऱ्या दारात दिसला तर मशीन दोन्ही खोल्या बाद करतं. काल एका शहाण्याने तीन दारांत उभं राहून बघितलं. तिन्ही गेल्या."

मी घाईने विचारलं, "आणि नोंद पुसायची म्हटली तर?"

"पुसली की खोली वादात. वादातल्या खोलीला काही मिळत नाही. का, पुसायचीय?"

"नाही नाही, आपलं सहज."

तो वळला आणि माझ्या दारापुढे उभा राहिला. "हे बंद. इथे कोण राहतं?"

मी म्हणणार होते मी. जीभ टाळ्याला चिकटली. "आहे एक बाई," मी म्हणाले.

"कुठे गेलीय?"

"येईल."

"तुमच्या ओळखीची आहे?"

"समोर राहते, पण फारसं बोलणं नाही. खडूस आहे."

त्याने खडूने माझ्या दारावर फुली मारली. "जाताना पाचला एक फेरी मारतो. उघडं असलं तर ठीक, नाहीतर बाद."

तो पुढच्या दाराकडे गेला आणि मी तिच्या पलंगावर बसले. उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. खोली दाराला मिळणार नव्हती, चेहऱ्याला मिळणार होती. माझा चेहरा नोंदला गेला होता. म्हणजे माझी सोय झाली. बुडाली ती तिची. ती धावत येईल तेव्हा तिच्या दारात आधीच माझं थोबाड असेल आणि तिला उभं राहायला दारच उरलेलं नसेल. जिने विश्वासाने किल्ली दिली तिचंच घर मी घेऊन बसले होते. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते कुंपण म्हणजे मी.

समोर खिळ्याला एक दप्तर टांगलेलं होतं. कोरं, प्लास्टिकच्या पिशवीसकट. मी तिकडे पाठ केली.

एकच वाट होती. तिचा चेहरा अजून कुठे नोंदलेला नव्हता आणि माझ्या दारात कोणी उभं राहिलेलं नव्हतं. पाचच्या आत ती माझ्या खोलीत जाऊन उभी राहिली, तर तिलाही मिळेल. आणि इथेच मी अडले, खोटं कशाला बोलू? माझी खोली? जिथे कोणाला पाण्याचा पेला देतानाही मी दारातच थांबवते, तिथे ही बाई उभी राहून माझं घर माझं म्हणणार? मला लाज वाटली, पण वाटलं ते वाटलं.

फोन लावत राहिले. बारा वेळा लावला. त्या घरात कामाला आलेल्या माणसाने फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवायचा, असा नियम आहे. त्या टोपलीत तो बिचारा वाजत असणार. एक वाजला, दीड वाजला, दोन वाजले. ती आली नाही.

दोनला वायरमन आला. गल्लीच्या तोंडाशी राहतो, माझ्या नवऱ्याचा दोस्त. नवऱ्याला शेवटचं दवाखान्यात नेलं ते यानेच, पाठीवर घालून. त्यामुळे त्याने "दारावर फुली कशी, मावशी?" असं विचारल्यावर मी सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं.

तो दाराला टेकला. "मग वाईट काय झालं? तुमचं तर झालंय. माझा मेहुणा परवाच गावाहून आलाय. त्याला बसवू तुमच्या खोलीत."

"आणि तिचं?"

"ती काल आलेली बाई. आपण वीस-वीस वर्षांचे."

"तुझा मेहुणा परवा आलाय."

"तो आपला आहे," वायरमन म्हणाला. अगदी सरळ तोंडाने म्हणाला. "साडेचारला घेऊन येतो. विचार करा."

मी त्याला तिथल्या तिथे नाही म्हटलं नाही. नवऱ्याचं ते पाठीवरून जाणं डोळ्यांपुढे आलं. तो गेल्यावर मी तिच्या दाराला कुलूप लावलं आणि तडक टॉवरकडे निघाले.

त्या फाटकाशी मी सात वर्षांत गेले नव्हते. माझा नवरा तिथे एकोणीस वर्षं दोर वळत होता. फाटकाच्या जागी काच, काचेच्या मागे वॉचमन.

"कोणाकडे?"

"एक म्हातारे बाबा आहेत, अंथरुणावर."

"असे वीस आहेत इथे. टॉवर कुठला? मजला?"

"सातवा. टॉवर ठाऊक नाही. हे बघ, तू उभा आहेस ना, तिथे कारखान्याचं वजनकाट्याचं ऑफिस होतं."

"काकू, मला येऊन चार महिने झालेत," तो म्हणाला, आणि त्यात उर्मटपणा अजिबात नव्हता. मग त्यालाच काहीतरी सुचलं. "निळी पिशवी घेऊन पळत येते, ती का?"

"तीच, तीच."

त्याने इंटरकॉम लावून माझ्या हातात दिला. पलीकडून तिचा दबका आवाज आला. "मावशी? काय झालं? किल्ली हरवली का?"

"किल्ली आहे. तू ये. पाचच्या आत ये. आणि आलीस की तुझ्या खोलीत जाऊ नकोस, माझ्या खोलीत जायचंय."

"तुमच्या?" तिला वाटलं असणार, म्हातारी भ्रमिष्ट झाली.

"सगळं नंतर सांगते. वॉचमन ऐकतोय."

"सून अजून आली नाही, मावशी. बाबांना टाकून कशी येऊ? त्यांना कूससुद्धा बदलता येत नाही."

टाकून ये, असं ओठांवर आलं होतं. पण तिने माणूस टाकला असता, तर तिला 'काल आलेली बाई' म्हणणारा वायरमन माझ्या मनात खरा ठरला असता. "बघ काय जमतं ते," एवढंच म्हणून मी परत आले. रस्ता ओलांडताना एकाने हॉर्न मारून शिवी घातली. मी त्याला दोन घातल्या, तेवढंच बरं वाटलं.

साडेचारला वायरमन मेहुण्याला घेऊन हजर. मेहुण्याने केस ओले करून भांग पाडला होता. गरीब दिसत होता बिचारा, त्याच्यावर राग धरायलाही जागा नव्हती.

"किल्ली द्या, मावशी."

"ती येतेय."

"कुठे येतेय? मावशी, नीट विचार करा. ती आली नाही तर खोली फुकट जाईल. ना तिला, ना याला. त्यात काय शहाणपण?"

त्याचं बरोबर होतं. हेच तर अंगावर येत होतं. पावणेपाच झाले. गल्लीच्या तोंडाशी सर्व्हेवाला मशीन पुसताना दिसला. मी गळ्यातली किल्ली मुठीत धरली होती. पाचला दहा कमी असताना तो आमच्या दिशेने चालू लागला.

"मावशी!" वायरमन म्हणाला.

"गप रे! माझ्या नवऱ्याला तू पाठीवर घेतलंस ते मरेपर्यंत विसरणार नाही. पण ही किल्ली तिची आहे."

माझी किल्ली आणि मी म्हणाले तिची. तोही चमकला, मीही.

तेवढ्यात मागच्या बाजूने निळी पिशवी दिसली. ती धावत नव्हती, धावून धावून आता नुसती पाय ओढत होती. मी गळ्यातला दोरा सोडायला गेले तर गाठ सुटेना. दातांनी तोडला आणि किल्ली तिच्या हातात कोंबली. "आत जा. विचारलं तर इथेच राहतेस."

"पण का, मावशी?"

"जा ग बाई, जीव जाईल माझा!"

मी समोर, तिचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले. माझ्या खिडकीच्या गजांतून ओढून घेतलेला एक शर्ट सुईसकट हातात धरला, काम करतेय असं दाखवायला. सुईत दोरा नव्हता.

सर्व्हेवाला आला. वायरमन आणि त्याचा मेहुणा मधल्या जागेत उभे. "हे कोण?" त्याने विचारलं. वायरमनने माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलला असता तर दोन्ही खोल्या गेल्या असत्या. "पाहुणा आहे माझा," तो म्हणाला आणि मेहुण्याला घेऊन बाजूला झाला.

"या बाई, कुठे होता दिवसभर?" सर्व्हेवाल्याने माझ्या खोलीत डोकावून विचारलं. "किती वर्षं राहता इथे?"

"सव्वीस," ती म्हणाली.

तिचं वय असेल एकतीस-बत्तीस. मी डोळे मिटून घेतले. अगं बये, मनात म्हटलं, माझी वर्षं कशाला सांगतेस?

"सव्वीस?" त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"लहानपणापासून."

त्याने मशीन वर धरलं, खाली केलं. आमच्या गल्लीत टॉवर झाल्यापासून चारलाच अंधारतं, ऊन पलीकडेच अडतं; बिलापायी मी सातपर्यंत खिडकीतल्या उजेडावर भागवते. "चेहरा येत नाही," तो म्हणाला. "लाइट लावा."

दाराजवळ एक बटण आहे, ते बारा वर्षांपूर्वी जळलं. खरं बटण कपाटामागे. नवऱ्याने कपाट आणलं ते दुसऱ्या कुठल्याच भिंतीला बसेना, म्हणून बटणापुढे ठेवलं आणि हात जाईल एवढी फट सोडली. जो या खोलीत राहतो त्यालाच हे माहीत. तिने या खोलीत आज पहिल्यांदा पाऊल ठेवलं होतं, कारण मी कधी ठेवू दिलं नव्हतं. ओरडून सांगायचं म्हटलं तर सगळंच संपलं असतं. सर्व्हेवाला तिच्याकडे बघत होता, हातांकडे.

तिचा हात वर गेला, दाराजवळच्या बटणाकडे. मी बोटात सुई खुपसून घेतली, मला कळलंही नाही. हात मधेच थांबला. मग ती वळली, दोन पावलं आत गेली, कपाटाला गाल टेकवला, खांद्यापर्यंत हात मागे घातला, आणि लाइट लागला.

"इकडे बघा," सर्व्हेवाला म्हणाला. "अंगठा. झालं."

तो निघून गेल्यावर मी माझ्या घरात गेले. ती माझ्या खुर्चीवर बसली होती; सून साडेचारला आली तशी तिथून पळत सुटली होती. मी सगळं सांगितलं, सकाळपासून, न लपवता. वायरमनचंही सांगितलं आणि मी लगेच नाही म्हटलं नाही तेही. रडेल, चिडेल, असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे मुलीला आणता येईल?"

"येईल बहुतेक. कागदाच्या वेळी काय विचारतात कोण जाणे. तुझं नाव माझ्या दाराला, माझं तुझ्या. तेव्हा पुन्हा खोटं बोलावं लागेल."

"बोलू," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "बटण तुला कसं कळलं?"

"समोर तर राहते, मावशी. रोज सातला तुमचा हात कपाटामागे जातो. मी बघते. एखाद्या दिवशी गेला नाही तर वायरमनला हाक मारून दार तोडायचं, असं ठरवून ठेवलंय मी." ती थोडी ओशाळली. "तुमची किल्ली कोणाकडेच नाही ना."

चार वर्षं. मी तिला उंबऱ्याबाहेर उभी करत होते आणि ती रोज सातला माझी हजेरी घेत होती. मी उगाच तिच्यावर खेकसले की खुर्चीवरचे शर्ट चुरगळले.

तिने किल्ली पुढे केली. मी घेतली नाही. "तुझ्याकडेच ठेव. दार तोडलं तर नवं कोण बसवणार?"

ती समोर गेली. तिच्या खोलीत खिळा एकच. तिने दप्तर काढून पलंगावर ठेवलं आणि त्या खिळ्याला माझी किल्ली टांगली. सात वाजायला अजून अवकाश होता, तरी मी उठून कपाटामागे हात घातला. लाइट आधीच लागलेला होता, तो विझवला आणि पुन्हा लावला. समोरून तिने मान हलवली.

सोडत दोन वर्षांनी निघेल म्हणतात. कोणाला कुठला मजला, कुठली इमारत, ते मशीन ठरवणार. वायरमन तिथे काम करून आलाय, तो परवा सांगत होता की त्या नव्या इमारतींत दारासमोर दार नाही, भिंत आहे. तेव्हापासून मला सात वाजले की धडधडतं.